शोधाच्या गेममध्ये मागे वळण्याची गोडी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत व्हिडिओ गेमविषयी नुकताच आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. माणूस तासन्‌तास पडद्यासमोर का बसतो, याचे उत्तर लेखात एकाच वाक्यात दिले आहे. थोड्या थोड्या वेळाने काही ना काही बक्षीस हाती पडत राहते म्हणून तो बसतो, असे लेखकाचे म्हणणे आहे. मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या पुष्कळ गेमच्या बाबतीत हे खरे आहे, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमचा प्रश्न तर इतका हाताबाहेर गेला होता की ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून त्यांवर बंदी घातली. परंतु उदाहरणे देताना लेखकाने 'हॉलो नाइट'चे नावही त्याच ओळीत घातले आहे, आणि ते वाचून गप्प बसणे मला जमले नाही. उड्या मारत, चढत-उतरत, एका अखंड जगात आपली वाट आपण शोधायची, अशा प्रकारचा हा गेम आहे. 'मेट्रॉइड' आणि 'कॅसलव्हेनिया' या दोन जुन्या मालिकांवरून खेळणारे या प्रकाराला 'मेट्रॉइडव्हेनिया' म्हणतात. त्यातला आनंद बक्षिसांच्या हिशेबाने उलगडत नाही. तो कशातून येतो, हे जरा सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे, आणि त्याच्या लांबीबद्दल आपण समजून घ्याल अशी आशा आहे.

सुरुवात १९८५ पासून करावी लागेल. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये जपानात निन्टेन्डोचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला. टीव्हीला जोडायच्या, कॅसेट घालायच्या गेमवर आपल्याकडेही पुढे तो पुष्कळ घरांत खेळला गेला, तेव्हा त्याची ओळख करून द्यायला नको. मारिओ उजवीकडे धावतो, पडदा त्याच्याबरोबर उजवीकडे सरकतो, आणि जो भाग डाव्या कडेपलीकडे गेला तो गेलाच, कारण तिथे परतण्याची सोयच ठेवलेली नाही. याच कंपनीने वर्ष पुरे होण्याआधी, ६ ऑगस्ट १९८६ रोजी, 'मेट्रॉइड' आणला. त्यात सॅमस ॲरन ही चिलखत घातलेली नायिका झेबेस नावाच्या ग्रहाच्या पोटात उभी असते. मारिओने लावलेल्या सवयीने खेळाडू उजवीकडे निघतो आणि पुढे अशा बुटक्या बोगद्यापाशी येऊन पोचतो की त्यात शिरणे सॅमसला शक्यच नसते. शरीराचा चेंडू करून घरंगळत जाण्याची शक्ती मिळाल्याखेरीज तो बोगदा पार होत नाही, आणि ती शक्ती गेम जिथे सुरू झाला तिथून डावीकडे, अगदी जवळच ठेवलेली असते. पडद्यावर बाण नाही, सूचना नाही, नकाशा तर नाहीच. मागे वळून पाहण्याची बुद्धी खेळाडूला स्वतःहूनच व्हावी लागते, आणि ती झाली की या जगाची रीत त्याला पहिल्या काही मिनिटांतच समजते.

या प्रकारच्या गेमची सगळी गोडी मला या एका रचनेत दिसते. अडथळा आधी दाखवायचा, तो ओलांडण्याचे साधन नंतर द्यायचे, आणि मधल्या काळात तो अडथळा ध्यानात ठेवण्याचे काम खेळाडूवर सोपवायचे. हा क्रम उलटा केला, म्हणजे साधन हातात दिले आणि मग लगेच त्याच्या मापाचा अडथळा समोर ठेवला, तर खेळाडू सांगितलेले काम उरकतो आणि पुढे जातो. याउलट, हात न पोचलेला उंच कठडा, पाण्याखालची फट, पडक्या भिंतीआडून अर्धवट दिसलेले दार अशा जागा मनात साठलेल्या असताना एखादी नवी शक्ती मिळाली, की त्या सगळ्या जागा एकदम जाग्या होतात. आधी कुठे जायचे हे त्याला कोणी सांगत नाही, ते तोच ठरवतो. तिथे पोचल्यावर काय मिळते, याला त्या वेळी फारसे महत्त्व राहत नाही. आपण पूर्वी नीट पाहिले होते आणि ते पाहणे कारणी लागले, याचेच समाधान मोठे असते. बक्षिसावर चालणाऱ्या गेमला खेळाडूच्या स्मरणाची गरज नसते, उलट तो जितका विसराळू तितके त्या गेमला सोयीचे. शोधाचा गेम मात्र खेळाडूच्या स्मरणाशिवाय उभाच राहू शकत नाही.

हे किती कमी साधनांत साधता येते याचा उत्तम नमुना म्हणजे १९९४ साली आलेला 'सुपर मेट्रॉइड'. २४ मेगाबिटची, म्हणजे आजच्या हिशेबाने जेमतेम ३ मेगाबाइटची ती कॅसेट. त्याची सुरुवात जवळून पाहण्यासारखी आहे. सॅमसचे यान भर पावसात झेबेसवर उतरते. ती खाली खाली जाऊ लागते आणि एकामागून एक सुन्या खोल्या लागतात, चाल करून येणारे कोणीच नसते. पहिला भाग खेळलेल्याला हळूहळू उमगते की आपण त्याच जुन्या तळाच्या अवशेषांतून चाललो आहोत, कारण १९८६ च्या गेममध्ये जिथे शेवटची लढाई झाली ती खोलीही मोडक्या अवस्थेत वाटेत लागते. मग लिफ्टने आणखी खाली जायचे, आणि तिथे डावीकडे तीच चेंडू होण्याची शक्ती ठेवलेली असते. ती घेऊन, थोडे पुढे क्षेपणास्त्रे घेऊन, आल्या वाटेने वर परतावे, तर मघाच्या त्याच सुन्या खोल्यांत आता शत्रू फिरत असतात. कोणाला तरी आपली चाहूल लागली आहे, हे संवादाचे एक अक्षरही न लिहिता कळते. खोल्या त्याच, उड्याही त्याच, पण परतीची वाट जातानाच्या वाटेहून वेगळी झालेली असते. परत फिरायला लावणे म्हणजे वेळ काढणे, अशी तक्रार या प्रकारच्या गेमविषयी नेहमी ऐकू येते, आणि काही गेमच्या बाबतीत ती योग्यही आहे. परंतु परतीच्या वाटेवर काही बदलले असेल, मग तो बदल जगात असो वा खेळणाऱ्याच्या सामर्थ्यात, तर ती तक्रार उरत नाही.

याच गेममध्ये आणखी एक जागा आहे, तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. एका खोल, उभ्या विहिरीसारख्या भागात सॅमस अडकते. तिथे तीन छोटे हिरवे प्राणी राहतात, ते एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर झेपा घेत वर चढतात आणि पुन्हा खाली येतात. ते काही बोलत नाहीत, देतही नाहीत. त्यांच्याकडे पाहत पाहत खेळाडू तसेच करून बघतो आणि पुष्कळ वेळा घसरून पडल्यावर वर येतो. यातली खरी मौज पुढेच आहे, ती अशी की भिंतीवरून झेप घेण्याची ही कला सॅमसला गेमच्या पहिल्या क्षणापासून येत होती. कुठलीही नवी वस्तू मिळालेली नाही, फक्त खेळणाऱ्याला एक गोष्ट समजली आहे. ती समजताच मागे सोडून आलेल्या कितीतरी उंच जागा त्याला आठवू लागतात. गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू केला तरी हे ज्ञान त्याच्याजवळ राहते, आणि म्हणून याच गेमच्या नवनव्या वाटा लोक इतकी वर्षे काढत आहेत.

मिळणारी वस्तू कशी असावी, यावरही बरेच अवलंबून असते. लाल दार उघडणारे लाल कार्ड हे या प्रकारातले सर्वात आळशी साधन होय, कारण दार उघडले की त्याचे काम संपते. 'मेट्रॉइड'मधल्या आइस बीमचा मारा शत्रूला गोठवतो. परंतु हवेत गोठलेल्या शत्रूवर पाय ठेवून वर चढताही येते, आणि हे लक्षात आले की हत्यार, पायरी आणि दाराची किल्ली एकाच वस्तूत सापडतात. २०१५ च्या 'ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट'मध्ये शत्रूने फेकलेला गोळा हवेतच पकडून त्याच्या आधाराने स्वतः एका दिशेला झेपावता येते आणि गोळा उलट दिशेला भिरकावता येतो. त्यामुळे जिथे शत्रू आहे तिथे वाटही आहे, अशी जगाकडे पाहण्याची दृष्टीच बदलून जाते. बिली बॅसो या एकट्या माणसाने सुमारे सात वर्षे खपून केलेला 'ॲनिमल वेल' २०२४ च्या मे महिन्यात आला, त्यात तर नेहमीची हत्यारे जवळजवळ नाहीतच. फुगे काढायची कांडी, फेकायची तबकडी, यो-यो अशी खेळणी आहेत. काढलेल्या फुग्यावर उडी मारून उंची गाठता येते, फेकलेल्या तबकडीवर चढून दरी पार करता येते. यातले काहीही तो गेम शब्दांत शिकवत नाही. प्रत्येक वस्तूचे पहिले काम चटकन कळते, दुसरे पुष्कळ उशिरा, आणि ते दुसरे काम कळल्याबरोबर सगळा मागचा प्रदेश नव्याने पाहावासा वाटतो. तो सगळा गेम ४० मेगाबाइटपेक्षा कमी जागेत बसतो, हेही नोंदवून ठेवतो.

आता हालचालीविषयी. शोधाच्या गेममध्ये एकाच वाटेने अनेकदा जावे लागते, म्हणून चालणे, उडी मारणे, लोंबकळणे या साध्या क्रियाच हाताला गोड लागल्या पाहिजेत. पुस्तकातली भटकंती शब्दांवर चालते, इथली बोटांवर चालते. २०१८ चा 'सेलेस्ट' हा काही शोधाचा गेम नव्हे, तो टप्प्याटप्प्यांचा आहे, परंतु उडीच्या बाबतीत त्याचे उदाहरण देण्यासारखे आहे, कारण त्यातील हालचालीचा कोड निर्मात्यांनी सर्वांसाठी खुला केला. कड्याच्या टोकावरून पाय सुटल्यानंतरही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत उडीचे बटण दाबले, तर तो गेम ती उडी मान्य करतो. डोळ्यांना हे दिसतही नाही. खेळणाऱ्याला एवढेच वाटते की हा गेम माझे ऐकतो. ज्या गेममध्ये अशी काळजी घेतलेली नसते, तिथे पडल्यावर राग स्वतःचा न येता गेमचा येतो, आणि मग त्याच वाटेने पुन्हा जाणे शिक्षा वाटू लागते. 'हॉलो नाइट'मध्ये बटण जितका वेळ दाबून धरावे तितकी उडी उंच जाते, आणि हवेत असताना तलवारीचा वार खाली काट्यांवर केला तर शरीर वर उसळते. ही उसळी पहिल्यापासून जवळ असते. तिचा सराव झाला की सुरुवातीला जीव मुठीत धरून ओलांडलेले काट्यांचे पट्टे सहज पार होतात. खेळणारा स्वतः तयार होत गेल्याचा पुरावा त्याला जुन्याच जागेवर मिळतो.

'हॉलो नाइट'चा विषय निघालाच आहे, तर त्याच्यासाठी थोडी अधिक जागा घेतो. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरात ॲरी गिब्सन आणि विल्यम पेलेन यांनी टीम चेरी या नावाने हे काम सुरू केले. २०१४ साली किकस्टार्टरवर त्यांनी लोकांकडून सुमारे ५७,००० ऑस्ट्रेलियन डॉलर उभे केले आणि २४ फेब्रुवारी २०१७ रोजी गेम आला. हॅलोनेस्ट हे कीटकांचे एक उद्ध्वस्त राज्य, आणि त्यात उतरलेला एक मुका, छोटा योद्धा, एवढीच त्याची सामग्री. या राज्याच्या मधोमध 'सिटी ऑफ टिअर्स' नावाचे शहर आहे. जमिनीखाली इतक्या खोलवर असूनही तिथे पाऊस अखंड पडत असतो, उंच खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळत असते, आणि क्रिस्टोफर लार्किन यांचे संगीत त्या पावसात मिसळून गेलेले असते. पाऊस कुठून येतो, हा प्रश्न त्या वेळी कोणी फारसा विचारत नाही, गेममध्ये पाऊस असतोच म्हणून आपण सोडून देतो. पुढे केव्हातरी, दुसऱ्याच शोधात वरच्या भागात भटकताना, 'ब्लू लेक' नावाच्या एका संथ, निळ्या तळ्याच्या काठी आपण येऊन ठेपतो. तिथे लढाई नाही, घाई नाही. नकाशा उघडावा, तर तळे बरोबर त्या शहराच्या वर. तळ्याचे पाणी खडकांतून झिरपून शहरावर पडते आहे. या शोधाचे कुठलेही बक्षीस मिळत नाही, पडद्यावर शाबासकीची ओळही येत नाही. तरीसुद्धा हा गेम खेळलेल्या कोणालाही विचारा, त्या तळ्याची आठवण तो काढल्यावाचून राहणार नाही. जग एकसंध आहे, त्याच्या एका टोकाला जे घडते त्याचे कारण दुसऱ्या टोकाला सापडते, अशी खात्री पटली की खेळाडू प्रत्येक भिंतीकडे, प्रत्येक ओलीकडे विचार करत पाहू लागतो.

त्याच गेममध्ये प्रार्थनाकीटकांचे एक गाव आहे. पहिल्यांदा तिथे जाताना प्रत्येक कीटक तुटून पडतो. भिंतीवर चढण्याची शक्ती याच गावात मिळते. पुढे त्यांच्या सरदारांशी रीतसर द्वंद्व करून जिंकल्यावर तेच कीटक मान लववून बाजूला उभे राहतात, आणि ज्या वाटेवरून जीव वाचवत गेलो तिथून आपण निवांत चालत जातो. जागा न बदलता नाते बदलते. एवढ्या साध्या योजनेतून गावाला इतिहास आणि स्वभाव दोन्ही मिळतात.

वाटा एकमेकींना कशा मिळतात, हेही या जगाच्या एकसंधपणाचेच अंग आहे. गडाच्या पायथ्याकडून फिरताना तटात एक चोरदरवाजा दिसावा, वाट सापडू नये, आणि मग महादरवाजाने चढून, अख्खा गड फिरून, आतल्या बाजूने नेमके त्याच दरवाजातून बाहेर पडावे, तसा अनुभव हे गेम पुन्हा पुन्हा देतात. पलीकडच्या बाजूने कळ फिरवली आणि दार उघडले की समोर अगदी ओळखीची जागा येते, आणि मनातले दोन वेगळे प्रदेश एकमेकांना जोडले जातात. अशी एक जोडणी बसवण्यासाठी सगळ्या जगाची मांडणी आधीपासून ठरलेली असावी लागते. ती मागाहून जोडलेली असेल तर ताबडतोब ओळखू येते.

नकाशाचा प्रश्न मात्र नाजूक आहे, आणि माझ्या मते या प्रकारातले बहुतेक गेम इथेच बिघडतात. नकाशा नसला तर नवखा खेळाडू कंटाळून सोडून देतो. १९८६ चा 'मेट्रॉइड' खेळणाऱ्याला कागदावर स्वतः नकाशा काढावा लागत असे, आणि आज तशी अपेक्षा धरणे बरोबर नाही. उलट, नकाशाने सगळेच सांगून टाकले तर शोधायला काही शिल्लक राहत नाही. 'हॉलो नाइट'ने काढलेला मार्ग मला आजवरचा सर्वात सुंदर वाटतो. नव्या प्रदेशात शिरलो की नकाशा कोराच असतो. कुठेतरी जमिनीवर कागद विखुरलेले दिसतात, थोडे पुढे गेले की कोणीतरी गुणगुणत असल्याचा आवाज येतो, आणि त्या आवाजाच्या मागाने गेल्यावर कॉर्निफर नावाचा नकाशे काढणारा कीटक काम करत बसलेला सापडतो. तो आपला नकाशा विकतो, पण तो अर्धवट असतो. उरलेला भाग आपण फिरून भरायचा, त्यासाठी त्याच्या बायकोच्या दुकानातून लेखणी विकत घ्यायची, आणि भरलेले नकाशात उमटते तेही बाकावर विसावा घेतल्यावरच. आपण स्वतः कुठे उभे आहोत हे पाहायचे असेल, तर होकायंत्राचा ताईत अंगावर घालावा लागतो, आणि सुरुवातीला ताइतांसाठी तीनच खाचा असतात. कुठे आहोत हे कळण्यासाठी एखाद्या दुसऱ्या शक्तीवर पाणी सोडावे लागते. हरवण्याची भीती आणि सापडण्याचा दिलासा यांचे मोल इतक्या नेमकेपणाने ठरवलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही. वाट चुकलेल्या खेळाडूला दुरून ते गुणगुणणे ऐकू येते तेव्हा होणारा आनंद खराखुरा असतो.

२००२ च्या 'मेट्रॉइड फ्यूजन'ने नेमके याउलट केले. त्यात एक संगणक सॅमसला पुढचे ठिकाण नकाशावर दाखवतो आणि तिथे पाठवतो. तो गेम भीतीच्या बाबतीत प्रभावी आहे, पाठलागाचे प्रसंग त्यात अंगावर येतात. परंतु शोधाचा आनंद त्याने बराचसा गमावला, असे माझे मत आहे. २०२४ च्या जानेवारीतल्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन'ने मधला रस्ता काढला. त्यात पुढची दिशा दाखवणारी आणि न दाखवणारी अशा दोन पद्धती आहेत, त्यांतली हवी ती निवडता येते. शिवाय एखाद्या न ओलांडता येणाऱ्या जागेचे चित्र टिपून नकाशावर तिथेच टाचता येते. कामधंदा सांभाळून आठवड्यातून दोनदा तासभर खेळणाऱ्या प्रौढ माणसाला ही सोय वरदानच आहे. स्मरणाला मदत होते आणि निर्णय मात्र त्याचाच राहतो. कोणती जागा टिपण्याजोगी आहे हे गेमने आधीच ठरवून दिले असते, तर ती मदत राहिली नसती.

अलीकडच्या कित्येक गेममध्ये तसेच होते. प्रत्येक दारावर खूण, प्रत्येक खजिन्यावर चिन्ह, कोपऱ्यात 'या भागाचे ८७ टक्के पूर्ण' असा आकडा, आणि कुठे थांबलात तर लगेच कोणीतरी बोलून उत्तर सांगते. खेळाडू मग जगाकडे न पाहता आकड्याकडे पाहतो आणि उरलेले तेरा टक्के वेचत बसतो. आपल्या लेखकाने वर्णन केलेली बक्षिसांची साखळी ती हीच, आणि या बाबतीत त्यांच्याशी माझा वाद नाही. टक्क्यांचा आकडा स्वतःहून वाईट नाही, तो आश्चर्यासाठीही वापरता येतो. १९९७ च्या 'कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाइट'मध्ये किल्ला संपत आला असे वाटत असताना सगळा किल्ला आकाशात उलटा उभा राहतो, छत जमीन होते आणि जमीन छत. पूर्णतेचा आकडा शंभरापाशी न थांबता शेवटी २००.६ टक्क्यांपर्यंत जातो. त्या गेमचे एक प्रमुख कर्ते कोजी इगाराशी यांनी आपल्याला स्फूर्ती निन्टेन्डोच्याच 'द लेजंड ऑफ झेल्डा' या गेमवरून मिळाल्याचे सांगितले आहे, आणि ओळखीच्या जागेचे रूप बदलून ती पुन्हा पाहायला लावण्याची हौस त्यात दिसते. तरी प्रामाणिकपणे म्हणायचे तर उलटा किल्ला पहिल्यांदा पाहताना जितका थरारक वाटतो, तितका तो पुढे फिरताना राहत नाही. त्याचे जिने आणि दालने उलट्या चालीसाठी घडवलेली नसल्यामुळे बराच प्रवास उडतच करावा लागतो, आणि मग पायांखालच्या वाटेचे महत्त्व कमी होते.

कथा, चित्रे, लढाया यांच्याविषयी मी मुद्दाम फारसे लिहिले नाही. त्या चांगल्या असल्या तर हव्याच आहेत, पण याच गोष्टी इतर प्रकारांतही सापडतात. कठीण लढाईविषयी एवढेच म्हणेन की शोधाच्या गेममध्ये हरल्यावर दुसरीकडे निघून जाण्याची मुभा असली पाहिजे. एक बॉस, म्हणजे वाट अडवून बसलेला बलाढ्य शत्रू, हरत नसेल तर त्याला तसाच ठेवून दुसरा कोपरा धुंडाळावा, काही नवे मिळवावे, आणि मग यावे. जिथे एकच दार आणि त्यात एकच राक्षस असतो, तिथे जग कितीही मोठे असले तरी ते अरुंद वाटते.

या सगळ्या मांडणीला मोठे भांडवल लागत नाही, विचार आणि वेळ लागतो. जपानच्या दाइसुके आमाया यांनी एकट्याने पाच वर्षे काम करून 'केव्ह स्टोरी' २००४ साली लोकांना फुकट दिला, आणि अमेरिकेच्या टॉम हॅप यांनी 'ॲक्झिअम व्हर्ज' जवळजवळ तितकाच काळ एकट्याने घडवून २०१५ साली आणला. आपल्याकडेही हे काम परके राहिलेले नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: ॲन एन्शन्ट एपिक' २०२० साली जगभर विक्रीला आला. तो या प्रकारातला नाही, पण पुण्यात बसून गेम घडवणारी माणसे आहेत आणि त्यांच्या कामाकडे जाणकारीने पाहणारा वाचकवर्ग मराठीत तयार व्हायला हवा.

म्हणून माझी विनंती अशी आहे की चित्रपटाच्या परीक्षणाला आपण दर आठवड्याला जागा देता, तशी महिन्यातून एकदा तरी एका गेमला द्यावी, आणि ते परीक्षण तो गेम शेवटपर्यंत खेळलेल्या व्यक्तीकडून लिहून घ्यावे. गेम किती तासांचा आहे आणि दिसतो कसा, यापलीकडे जाऊन उडी हाताला कशी लागते, नकाशा किती सांगतो आणि किती राखून ठेवतो, पहिल्या तासात पाहिलेल्या जागेला दहाव्या तासात काय अर्थ येतो, हे त्यात यावे. पहिल्या परीक्षणासाठी ४ सप्टेंबर २०२५ रोजी आलेला 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' घेता येईल. पहिल्या गेममध्ये वाट खोल खाली उतरत जाते, तर यात नायिका हॉर्नेट तळापासून वर, शिखरावरच्या नगरापर्यंत चढत जाते, आणि दिशा उलटल्यामुळे शोधाच्या रचनेत काय काय बदलले, यावर एका जाणकाराने लिहिलेले मराठीत वाचायला मला फार आवडेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा